तुझ्या दस्त्यावर मी फिरवलेली काच

तुळशीराम, तुझ्या मातीला जमलेली माणसं पाहून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते आधी सांगून टाकतो. दुःख मागून आलं. आधी आलं ते हे, की इतकी माणसं माझ्या मातीला येतील का? केशोरीकडचे धानवाले शेतकरी जीप करून आले होते. घाटावर बसल्या बसल्या ते तुझ्याच बंदुकांबद्दल बोलत होते. "खांद्याले कधी लागलीच नाही गा," एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "बायको ढकलते ना थट्टेनं, तेवढीच." मी त्यांच्या शेजारी बसून ओल्या पंच्यानं तोंड पुसत होतो. लोकांना वाटलं, सावन मिस्त्री दोस्तासाठी रडतो आहे. मी रडत होतो ते खरं, पण कशासाठी ते मलाच नीट सांगता आलं नसतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. बारा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी रायफल उडवताना मोठ्या मालगुजारांचा गाल फुटला, तो तुझ्या चुकीनं नाही. माझ्यामुळं. तू जिवंत असताना हे एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. तुला ऐकू येईनासं झाल्यावर ते लिहायला बसलो आहे, यातच माझी लायकी दिसते.

गोंदियाच्या बंदूक दुकानात मी तुझ्याआधी लागलो होतो. हे मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. नळी आणि घोडा सेठच्या कारागिराचा, लाकूडकाम मिस्त्री चाचाचं, आणि चाचाच्या हाताखाली मी. ज्यांना रानडुकरांपासून धान राखायला लायसन मिळालेलं, असे शेतकरी त्यांच्या जुन्या भरमार बंदुका घेऊन यायचे. तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी ठासायची, अशा त्या बंदुका. लाकूड तडकलेलं असायचं, आम्ही नवा दस्ता, म्हणजे खांद्याला लागतो तो लाकडी भाग, करून द्यायचो. माझे दस्ते देखणे होते. मुठीवर वेल कोरायचो, बुडाला चंद्रकोरीसारखी पितळी पट्टी बसवायचो. मग तू आलास. चाचा वर्षभरानं म्हणाला, "सावन का हाथ अच्छा है. तुळशीराम का दिमाग अच्छा है." त्यानं ते दोघांनाही खूश करायला म्हटलं असेल. मला त्यातलं दुसरंच वाक्य ऐकू आलं.

तुझा पहिला स्वतःचा दस्ता मला आठवतो. धोबी कपडे बडवतो तो लाकडी दांडका असावा, तसा. जाड, जवळजवळ सरळ, बूड रुंद आणि सपाट. मी हसून लोळलो होतो. तू रागावला नाहीस.

"पाह्य बे सावन्या," तू म्हणालास, "जुन्या दस्त्याले कुत्र्याच्या मागच्या तंगडीसारखा वाक हाये. नळी वरती, खांदा खाली. बार उडला का बंदूक नळीच्या रेघेत मागं येते, खांदा तिले खालून अडवते, मंग ती उसळते. आन् उसळली का गालावर बसते. माणूस म्हणते दारू जास्त झाली. दारूचा काय दोष? लाकडाचा दोष हाये."

"आन् बूड एवढं रुंद कायले? पाटा हाये का?"

"तुले बोटानं टोचलं तर दुखते का तळहातानं ढकललं तर?"

मग तू वरच्या कडेचं सांगितलंस, जिथं नेम धरताना गाल टेकतो त्या कडेचं. ती तू पुढं उतरती आणि मागं किंचित चढती ठेवायचास. मी कारण विचारलं तेव्हा तू शिसमाचा एक तुकडा उचललास, माझ्या गालाला लावलास आणि मागं ओढलास. "लागली?" नाही लागली. लाकूड सरकता सरकता गालापासून खाली गेलं. मग तुकडा उलटा धरून ओढलास. पाचर शिरावी तसं ते माझ्या गालफडात घुसलं. "आता?" तू विचारलंस. मी तुला शिवी दिली. तू खदाखदा हसलास.

म्हणजे मला माहीत होतं, तुळशीराम. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही. तू ते माझ्या गालावर शिकवलं होतंस.

आपला चंद्रकोरीचा वाद मात्र राहूनच गेला. तू म्हणायचास की तिची दोन शिंगं खांद्यात रुततात. मी म्हणायचो की चंद्रकोर खांद्यावर धरायचीच नसते, बाहेरच्या बाजूला दंडाच्या वर धरायची असते. "धानाच्या बांधीत डुक्कर समोर आल्यावर कोण शिंगं मोजत बसन?" असं तू म्हणालास आणि विषय हसण्यावारी गेला. त्या वादात मी अजूनही पूर्ण हरलेलो नाही. हलक्या नळीला, शिकलेल्या माणसाला चंद्रकोर चालते. हे तुला पटवायचं होतं. तुझ्यासमोर एकदा तरी बरोबर ठरायचं होतं.

हळूहळू गिऱ्हाईक दुकानात येऊन आधी तुझं नाव विचारू लागलं. तू त्यांना डोळे मिटायला लावायचास, बंदूक खांद्याला लावायला सांगायचास, मग डोळे उघडायला. डोळा नळीच्या मागं नेमका आला नाही तर पुन्हा. "जागलीले घोंगडं पांघरून जाता का सदऱ्यावर?" असं विचारायचास, आणि घोंगडीच्या जाडीइतका दस्ता आखूड करायचास. आणि सगळं झाल्यावर, गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं म्हणायचास, "पॉलिश मात्र सावनच करन. त्याच्यासारखा हात आपल्या जिल्ह्यात नाही." तू मनापासून म्हणायचास. मला ते भीक घातल्यासारखं लागायचं. तू जर एकदा तरी माझ्याबद्दल वाईट बोलला असतास, तर कदाचित मी वाचलो असतो.

मग मालगुजारांची रायफल आली. सालेकसा बाजूच्या त्या गावात दसऱ्याला घरातला सर्वात वडील माणूस तळ्याच्या पाळीवर मांडलेलं मडकं गोळीनं फोडतो, मगच लोक सोनं लुटायला निघतात, हे तुला माहीतच होतं. त्यासाठी त्यांच्या आजोबांची रायफल. नळीत अंगठा जाईल एवढी मोठी, आत आटे पाडलेले, आणि लाथ अशी की घरातली जवान पोरंही तिला हात लावायला कचरत. मुठीतून दस्ता मोडला होता. मोठे मालगुजार तेव्हा सत्तरीच्या पुढचे. मी त्यांना माझं काम दाखवलं, वेल, पितळ, सगळं. त्यांनी हातात घेऊन बघितलं, "सुंदर है," म्हणाले, आणि मग म्हणाले, "वो जो लगती नहीं, वैसी बनाता कौन?"

तू बनवलीस. शिसमाची, वजनदार, कारण जड बंदूक कमी लाथ मारते. दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा तू ती माझ्याकडं आणून दिलीस. "जवसाचं तेल तूच पाज," म्हणालास, "म्हाताऱ्याच्या हातात चमकली पाहिजे." आणि तू धाकट्या मेहुण्याच्या सोयरिकीला निघून गेलास.

मी पहिला दिवस खरंच फक्त तेलच पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एकटाच होतो. दस्ता मांडीवर घेतला आणि पाहत बसलो. कुरूप होता तो. आणि तरीही नजर हटत नव्हती. दरवर्षी दसऱ्याला सगळा गाव तो पाहणार, विचारणार, आणि तुझं नाव निघणार, आणि मग कुणीतरी म्हणणार, पॉलिश सावनचं. काचेचा तुकडा हाताशी होता, लाकूड खरवडतो तो. मी वरच्या कडेचा मागचा भाग खरवडायला घेतला. स्वतःला म्हणालो, जरा डौल येईल. दोन-तीन तांदळाचे दाणे एकावर एक ठेवावेत, तेवढं लाकूड गेलं. चढ होता तिथं उतार आला. कड देखणी झाली. मग पुन्हा तेल पाजलं, की ताजं लाकूड दिसू नये. डौल द्यायचा असता तर लपवायला कशाला तेल पाजलं असतं?

त्यांचा गाल फुटावा असं मला वाटत नव्हतं. त्यांना लागावी, एवढंच वाटत होतं. थोडी लागावी, आणि त्यांनी म्हणावं, "ये भी लगती है." तेवढं मला पुरलं असतं.

दसऱ्याला तू आणि मी दोघंही तिथं होतो. म्हाताऱ्यांनी फेटा बांधला होता, फोटोसाठी कवळी लावली होती. दारू आजोबांच्याच मापानं भरली, पूर्ण. बार उडाला. धूर गेला तेव्हा ते जमिनीवर बसलेले, फेटा चिखलात, गालाच्या हाडावरून रक्त येऊन पांढऱ्या मिशीत मुरत होतं. पाळीवरचं मडकं फुटलं होतं, पण त्याकडं कुणी पाहिलं नाही.

"सुतार," ते तुला म्हणाले, "मेरे ही गाँव में गिरा दिया तूने मुझे."

तू हात जोडलेस. "माह्या हातून चुकी झाली, मालक."

त्यांच्या माणसांनी तुला पाळीपासून मागं ढकललं. रायफलीला पुन्हा हात लावू दिला नाही. मी तुझ्यामागं उभा होतो, हातात तेलाचा बोळा होता. बोलायला एवढासा वेळ होता. तो गेला.

घरी येताना एस.टी.त तू एकदाच बोललास. "काऊन लागली असन बे सावन्या?"

हा प्रश्न तू मला किती वर्षं विचारलास! दुकानात, पानठेल्यावर, माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला बसल्यावरसुद्धा. तुझ्या हातचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. सालेकसा, आमगाव, देवरीकडचे लोक तुझं नाव निघालं की गालाला हात लावून हसायचे. तू दारं, खिडक्या, बैलगाडीची जोखडं करू लागलास. तरीही तो प्रश्न सुटत नव्हता. आणि एक दिवस तू सायकल दामटत आणलीस, दुकानाच्या पायरीवर टाकलीस आणि ओरडलास, "कवळी!"

"कायची कवळी?"

"माप घेतलं तेव्हा म्हाताऱ्यानं कवळी काढून ठेवली होती गड्या. पान खाऊन राह्यला होता. गाल बसलेला होता. दसऱ्याले कवळी लावली, गाल भरला, नेम धरताना डोकं वर राहिलं. मी बिनादाताच्या गालाचं माप घेतलं! सांग, हेच असन का नाही?"

तू माझ्याकडं असा पाहत होतास, जसा चाचाकडं पाहायचास. मी म्हणालो, "कवळीच असन."

तू किती हलका झालास त्या दिवशी. मला चहा पाजलास. आणि तेव्हापासून, जे थोडेफार केशोरीकडचे लोक तुला सोडून गेले नव्हते, त्यांना तू तोंड उघडायला लावू लागलास. उजव्या बाजूच्या दाढा आहेत का, तंबाखूच्या खर्ऱ्यानं गेल्या का, कवळी लावता का, रात्री जागलीला जाताना ती काढता का. सेठ म्हणायचा, "बंदूक का मिस्त्री है के दाँत का डाक्टर?" गिऱ्हाईक हसायचं, पण तोंड उघडायचं. आणि तुळशीराम, यातलं सर्वात वाईट काय ते ऐक. तुझं बरोबर होतं. दाढा नसलेल्या माणसाचा गाल आत जातो, त्याला कड वेगळी लागते. मी एक खोटं बोललो आणि तू त्यातून एक खरी गोष्ट काढलीस. तुझे दस्ते आणखी चांगले झाले. माझ्या खोट्याचासुद्धा मला हेवा वाटला, कारण ते तुझ्या हातात जाऊन खरं झालं होतं.

मधे एकदा ती रायफल दुकानात आलीही होती. निवडणुकीसाठी सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा व्हायच्या, तिथं ओल लागून गंज चढला होता. सफाईसाठी नोकर घेऊन आला. तू तेव्हा दोन गल्ल्या पलीकडं कुणाचं तरी दार बसवत होतास. तुला हाक मारली असती तर तू अंगठा त्या कडेवरून एकदा फिरवला असतास, आणि तुला सगळं कळलं असतं. मी त्याच दिवशी सफाई करून रायफल परत पाठवली.

माझी भरभराट झाली म्हणतात. खरं म्हणजे मी तुझेच दस्ते बनवत होतो. सरळ, रुंद बुडाचे, पुढं उतरत्या कडेचे, वरून माझी वेलबुट्टी. लोकांना लागत नव्हती. ते म्हणायचे, सावनच्या हाताला गुण आहे.

तुझ्या तेरवीच्या संध्याकाळी पंगती उठल्यावर मी शेवंता वहिनींना गाठलं. त्या भांडी मोजून परत द्यायच्या गडबडीत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. काच, तेल, कवळी, सगळं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही.

"म्हणजे कवळी नव्हती?" त्या म्हणाल्या.

"नव्हती वहिनी."

"माह्या जबड्याचं माप घेत होते ते. रोटी खाता खाता. म्हणे, शेवंता, गाल फुगव, आता गाल आत घे. पोरं हसत होती." त्यांनी पातेलं दुसऱ्या हातात घेतलं. "तुमाले चहाले बोलवत होते. माह्या नवऱ्यानं तुमचं नाव घेतल्याबिगर एक दिवस जाऊ दिला नाही."

"मले माफ करा म्हणत नाही मी."

"करतही नाही. आन् मले कायले सांगून राह्यले? मले तं मालूम होतं ना, त्याईचा हात चुकत नाही म्हणून. ज्याईच्या गावात त्याईचं नाव गेलं, तेथी जाऊन सांगा." मग त्या आत गेल्या आणि पत्र्याच्या पेटीतून एक पुठ्ठा घेऊन आल्या. मालगुजारांच्या दस्त्याचा फर्मा. दस्ता कापण्याआधी तू त्याची आडवी आकृती पुठ्ठ्यातून कापून काढायचास आणि कड ताडून पाहायला बाहेरचा पोकळ पुठ्ठा ठेवायचास, तो. त्यावर तू इतक्या वेळा पेन्सिल फिरवली होतीस, इतक्या वेळा खोडलं होतंस, की गालाच्या जागी पुठ्ठा केसाळ झाला होता. चूक शोधत होतास. नसलेली चूक.

दुसऱ्या दिवशी मी फर्मा घेऊन त्या गावी गेलो. मोठे मालगुजार जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे चिरंजीव आता पन्नाशीला आले आहेत, लायसन त्यांच्या नावावर आहे. बापाचाच चेहरा, आणि खर्ऱ्यापायी उजव्या दाढा गेलेल्या. अंगणात धान वाळत होतं, गावातली आठ-दहा माणसं होती. मी रायफल बाहेर आणायला सांगितली. चटईवर आडवी ठेवली, तुझा फर्मा दस्त्याच्या वरच्या कडेला लावला आणि सगळ्यांना वाकून बघायला सांगितलं. पुढं फर्मा लाकडाला चिकटून बसला. मागच्या बाजूला फटीतून ऊन आलं.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं.

"तेवढं लाकूड मी खाल्लं, मालक," मी म्हणालो. "तुळशीरामनं नाही. त्यानं बरोबर दिलं होतं."

मी सगळं सांगितलं. एक म्हातारा उठून धानापलीकडं थुंकून आला. धाकटे मालगुजार फटीकडंच पाहत राहिले. "बारा साल लगे बोलने को?" ते म्हणाले. आणि मग, "बाबूजी ने मरते दम तक उस आदमी को गाली दी. वो गाली अब मैं वापस कैसे लूँ?"

मी म्हणालो, परवानगी द्या, कड होती तशी करून देतो. शिसमाची पट्टी सोबत नेली होती. त्यांच्याच ओसरीवर बसून ती चिकटवली, सुतळीनं आवळली, रात्री त्यांच्या गड्याच्या खोलीत झोपलो. सकाळी तुझ्या फर्म्याला लावून लावून घासली. मी काही सुधारलं नाही, तुळशीराम. हात शिवशिवत होता, पण काही सुधारलं नाही. फट गेली तिथं थांबलो. तेल पाजलं नाही. जोड दिसू दिला.

त्यांनी दारू आजोबांच्या मापानं भरली. मी म्हणालो, थोडी कमी घ्या. ते म्हणाले, "नहीं. जितनी उस दिन थी, उतनी." तळ्याच्या पाळीवर कुणीतरी मडकं ठेवून आलं. बार उडाला. सगळे मडक्याकडं पाहत होते, मी त्यांच्या गालाकडं. रायफल मागं आली, खांद्यानं तिला झेललं, आणि लाकूड गालाखालून असं निसटलं, जसं झोपलेल्या माणसाच्या उशाखालून कुणी हळूच हात काढून घ्यावा.

त्यांनी गालाला बोटं लावली. बघितली. पुन्हा लावली. "कुछ लगा ही नहीं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरले. बापाची आठवण झाली असेल. मग म्हणाले, "मिस्त्री, मेरे भाई की बंदूक को भी ऐसा बना दोगे?"

बारा वर्षं मी याच प्रश्नाला हो म्हणत आलो होतो. या वेळी म्हणालो, "असा दस्ता तुळशीराम बनवत होता."

माणसं पुढं सरकली. जो तो दस्त्यावरून अंगठा फिरवत होता, रुंद बुडावर तळहात टेकवत होता, तुझं नाव घेत होता, त्याच गावात, त्याच पाळीजवळ. मी बाजूला उभा होतो. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण तुझ्याशी आता तरी खोटं बोलणार नाही. तू गेलेला, मी उभा, आणि त्या क्षणी मला तुझ्या जागी असायचं होतं.